कुलूप शाबूत, दार उघडे

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवस गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा फ्लॅटचे दार नुसते लोटलेले होते. आतली अवस्था वर्णन करत नाही; ज्यांच्याकडे चोरी झाली आहे त्यांना ती ठाऊक आहे. कपाटातले सगळे जमिनीवर होते आणि आईच्या पाटल्या गेल्या होत्या. पण त्या गडबडीतही आमची नजर एका गोष्टीवर खिळून राहिली. दाराबाहेर फरशीवर आमचे कुलूप पडले होते. सात लिव्हरचे, पितळी, ‘हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही’ असे सांगून दुकानदाराने दिलेले. दुकानदार खोटे बोलला नव्हता. कुलूप उघडले गेले नव्हतेच. ते बंद होते आणि त्याच्या आकड्यात कोयंडा अडकलेला होता. कोयंड्याच्या भोकांत चार स्क्रू लोंबत होते, प्रत्येकी अर्ध्या इंचाचे.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी ते उचलून पाहिले आणि म्हणाले, ‘‘कुलूप चांगलं आहे साहेब, जपून ठेवा.’’

पुढचे काही दिवस इमारतीत एकच चर्चा होती: चोर कोण? संशय आला तो आमच्याकडे आणि आणखी चार घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंवर. त्यांना दोनदा चौकीवर बोलावले गेले. तीन महिन्यांनी भलत्याच प्रकरणात सापडलेल्या टोळीने आमच्या घरच्या चोरीची कबुली दिली. बाईंचा काडीइतका संबंध नव्हता. पण तोवर त्यांनी आमच्या इमारतीतली सगळी कामे सोडली होती. आम्हीही त्यांच्या बाजूने जितक्या ठामपणे बोलायला हवे होते तितके बोललो नव्हतो.

‘कोण?’ हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. ‘कसे?’ आणि ‘हेच दार का?’ हे दोन प्रश्न कुणीच विचारले नाहीत. खरे तर हे प्रश्न विज्ञानाचे आहेत, आणि त्यांवर गेल्या साठ वर्षांत जगभर बरेच काम झाले आहे. आम्हाला ते कुतूहल नंतर लागले, घर फुटल्यावर.

शर्विलकाचे पदार्थविज्ञान

‘घरफोडी’ हा शब्द आज आपण सैलपणे वापरतो, पण एके काळी तो शब्दशः खरा होता. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या घरात दारापेक्षा भिंत फोडणे सोपे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आठवा. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे तो आपल्या ओळखीचा आहे. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराची भिंत फोडायला येतो तेव्हा आधी तिची तपासणी करतो. रोज सूर्याला अर्घ्य देताना सांडलेल्या पाण्याने भिंत कुठे भिजून मऊ झाली आहे? क्षारांनी कुठे खाल्ली आहे? उंदरांनी कुठे पोखरली आहे? आणि भिंत कशाची आहे त्यावर त्याची पद्धत ठरते: भाजलेल्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या कापायच्या, मातीचे गोळे असतील तर पाणी शिंपडायचे, लाकूड असेल तर चिरायचे. दार कुरकुरू नये म्हणून तो त्यावर पाणीसुद्धा शिंपडतो.

यातली क्षाराची गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. आपण भिंतीला ‘लोणा लागला’ म्हणतो तो हाच. जमिनीतले पाणी विटेतल्या सूक्ष्म नलिकांतून केशाकर्षणाने वर चढते, सोबत विरघळलेले क्षार आणते. पृष्ठभागाशी पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना विटेचे कण एकमेकांपासून दूर ढकलतात. पापुद्रे सुटतात, भिंत भुसभुशीत होते. शर्विलकाला स्फटिकांची माहिती नव्हती, पण भिंत कुठे कमकुवत असते हे त्याला नेमके कळत होते.

भिंत फोडून आत हात घालण्याचे उदाहरण १८६० च्या भारतीय दंडसंहितेतही घरफोडीच्या व्याख्येखाली दिलेले होते. तिथे आत शिरण्याचे किंवा बाहेर पडण्याचे सहा प्रकार सांगितले होते आणि हरवलेली किल्ली सापडल्यावर तिने दार उघडणेसुद्धा त्यात मोडत होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी व्याख्या तिथेही आहे. कायद्याच्या दृष्टीने फोडणे म्हणजे मोडतोड नव्हे. जिथून येऊ नये तिथून किंवा जसे येऊ नये तसे येणे.

आज भिंती सिमेंटच्या झाल्या आणि कमकुवत जागा दारापाशी सरकली. आता आमच्या कोयंड्याकडे येऊ.

तीस किलोचे सहाशे किलो

चोराकडे होती ती कटावणी, म्हणजे साधी तरफ. समजा तिची लांब बाजू ६० सेंटिमीटर आहे आणि टोकापासून टेकूपर्यंतची आखूड बाजू ३ सेंटिमीटर. गुणोत्तर २०. माणसाने लांब टोकावर ३० किलो वजनाइतका जोर लावला, आणि तो सहज लावता येतो, तर आखूड टोकाशी ६०० किलो वजनाइतका जोर मिळतो. घर्षणात थोडा गेला तरी उरलेला भरपूर असतो. अर्ध्या इंचाचे चार स्क्रू त्यापुढे काय टिकणार? सात लिव्हर कुलपाच्या पोटात होते आणि जोर आला कोयंड्यावर. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते, हे आपण मुलांना सांगतो आणि दुकानात गेल्यावर विसरतो. आम्ही कुलपाला हजारांत पैसे मोजले होते आणि स्क्रू सुताराने त्याच्या पिशवीतून काढून लावले होते.

लाकडातून स्क्रू उपटायला लागणारा जोर साधारणपणे त्याची आटे असलेली जितकी लांबी लाकडात रुतली आहे तिच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अर्ध्याऐवजी दोन इंचांचा स्क्रू सुमारे चौपट टिकतो. त्याहून चांगले म्हणजे दाराच्या आरपार बोल्ट घालून आतून नट आवळणे. मग लाकडाचे तंतू सुटण्याचा प्रश्न राहत नाही. पण सर्वांत महत्त्वाचे वेगळेच आहे. तरफेला टेकू हवा आणि टोक घालायला फट हवी. कोयंडा दारावर उघडा राहिला की दोन्ही आयते मिळतात. दाराच्या जाडीत बसवलेले, चौकटीत जीभ सरकणारे कुलूप असेल आणि दार-चौकटीतली फट पट्टीने झाकलेली असेल तर कटावणीला शिरायला जागा राहत नाही. चौकट भिंतीला किती घट्ट आहे, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला तर नाहीत ना, हेही पाहावे. जुन्या वाड्यातला अडसर आठवतो का? दारामागे आडवे सरकणारे जाड लाकूड, दोन्ही टोके भिंतीतल्या खोबणीत. जोर दारावर आला की तो सरळ भिंतीत जातो. एकही स्क्रू नाही. अर्थात अडसराला आत कुणीतरी असावे लागते, आणि वाड्यात कुणीतरी असायचेच.

आमच्या घरी त्या दिवशी कुणी नव्हते. ते चोराला कसे कळले? बाहेर लटकणाऱ्या कुलपानेच सांगितले. जिन्यावरून जाणाऱ्या कुणालाही ते पितळी कुलूप ‘घरात कुणी नाही’ असे सांगत होते. आत कुणी असताना बाहेर कुलूप असत नाही. दाराच्या जाडीतले कुलूप बाहेरून पाहता, घरात माणसे असोत वा नसोत, सारखेच दिसते. हा फरक स्क्रूच्या लांबीपेक्षा मोठा ठरू शकतो, हे आम्हाला पुढे वाचताना कळले.

चोरांना विचारले तर

हे कळले ते चोरांकडूनच. इंग्लंडमध्ये ट्रेव्हर बेनेट आणि रिचर्ड राइट या संशोधकांनी घरफोड्यांना घरांची छायाचित्रे आणि चित्रफिती दाखवून, कोणते घर निवडाल आणि का, असे विचारले. त्यांचे पुस्तक १९८४ साली आले. पुढे राइट अमेरिकेत सेंट लुइसला गेले आणि स्कॉट डेकर यांच्यासोबत त्यांनी तुरुंगाबाहेर असलेल्या, म्हणजे धंदा चालू असलेल्या १०५ घरफोड्यांशी बोलून १९९४ साली दुसरे पुस्तक लिहिले. दोन देश, दोन पद्धती, पण उत्तरांचा सूर बराच जुळतो. चोराला पहिली चिंता घरात कुणी आहे का याची. दुसरी, आत शिरताना शेजाऱ्यांना किंवा रस्त्यावरून आपण दिसू का याची. कुलूप किती भारी आहे हा विचार बऱ्याच जणांच्या बाबतीत त्यानंतरचा.

म्हणजे आपण घराकडे पाहतो ते किल्ल्यासारखे, कुठून आत येता येईल असे. चोर पाहतो ते रंगमंचासारखे, कुठून आपण दिसू असे. दारावरची वाळलेली रांगोळी, कडीला अडकलेल्या तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या, जिन्यात साठलेली वर्तमानपत्रे हा त्याच्यासाठी मजकूर आहे.

तीन इमारती, वीस बिऱ्हाडे

मग प्रश्न असा येतो की इमारतच अशी बांधता येईल का, की येणारा माणूस आपोआप दिसेल? १९६१ साली न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज यांनी शहरांवरच्या आपल्या पुस्तकात ‘रस्त्यावरचे डोळे’ अशी कल्पना मांडली. दुकाने, ओटे, खिडक्या रस्त्याकडे तोंड करून असतील आणि दिवसभर कुणी ना कुणी ये-जा करत असेल तर रस्ता स्वतःची राखण करतो. जेकब्ज वास्तुशास्त्रज्ञ नव्हत्या. आपल्या गल्लीत काय चालते ते त्यांनी खिडकीतून नीट पाहिले होते.

या कल्पनेला मोजपट्टी लावण्याचा प्रयत्न केला तो ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने. तो सेंट लुइसच्या विद्यापीठात शिकवत होता आणि त्याच शहरात प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत त्याच्या डोळ्यांदेखत मोडकळीला येत होती. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बांधलेल्या ३३ इमारती, प्रत्येकी ११ मजली, एकूण २,८७० घरे. बांधणारा नामवंत होता, मिनोरू यामासाकी. खर्च वाचवण्यासाठी लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबत असे. बाकीच्यांनी जिन्याने एक मजला चढायचा किंवा उतरायचा. थांबण्याच्या मजल्यांवर लांब गॅलऱ्या होत्या, लोकांनी जमावे म्हणून. तिथे लोक जमले नाहीत, लुटालूट मात्र झाली. १९७२ मध्ये इमारती सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली आणि १९७६ पर्यंत सगळी वसाहत जमीनदोस्त झाली.

न्यूमनने आत फिरून जे पाहिले ते मात्र विचार करायला लावणारे होते. घरांच्या आत बहुतेक ठिकाणी नीटनेटके होते. दोन बिऱ्हाडांत एक अशी जिन्यातली जागा स्वच्छ होती. वीस बिऱ्हाडांच्या सामाईक वाटेत घाण होती. दीडशे बिऱ्हाडांच्या सामाईक तळमजल्याची आणि लिफ्टची अवस्था सर्वांत वाईट होती. माणसे तीच, जागा जितक्या जास्त जणांची, तितकी ती कुणाचीच नाही. आणि रस्त्यापलीकडे कार स्क्वेअर नावाची बैठ्या घरांची जुनी वसाहत होती, तशाच गरीब कुटुंबांची. ती भरलेली होती आणि तिथे विशेष कटकट नव्हती. १९७२ च्या पुस्तकात त्याने न्यूयॉर्कमधल्या शेजारशेजारच्या दोन वसाहतींची तुलनाही दिली. एकरी वस्ती जवळजवळ सारखी, पण एक उंच मनोऱ्यांची आणि दुसरी तीन ते सहा मजल्यांची. उंच वसाहतीत गुन्हे लक्षणीय जास्त होते.

आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला इथे थांबावेसे वाटते. दोन वसाहतींत उंचीखेरीज बाकी सगळे सारखे होते का? भाडेकरूंची निवड, डागडुजी, पोलिसांची गस्त? न्यूमनच्या टीकाकारांनी हेच विचारले. प्रुइट-आयगोबद्दल तर आणखी बरेच सांगता येते. १९५० साली सेंट लुइसची लोकसंख्या ८ लाख ५७ हजार होती, १९७० साली ६ लाख २२ हजार. शहर रिकामे होत होते, रोजगार जात होते, आणि वसाहतीची डागडुजी गरीब भाडेकरूंच्या भाड्यातून व्हायची होती. भाडेकरू गेले, भाडे गेले, लिफ्ट बंद पडल्या. हा दोष आराखड्याचा की हिशेबाचा? आमच्या मते न्यूमनचे निरीक्षण खरे होते आणि त्याचा निष्कर्ष जरा घाईचा.

याला एक उदाहरण आपल्या घरचे आहे. लांब सामाईक गॅलरी हीच जर गुन्ह्याची जागा असेल तर मुंबईच्या चाळी कधीच ओस पडायला हव्या होत्या. चाळीतही एका गॅलरीवर वीस बिऱ्हाडे असत. पण तिथे प्रत्येक बिऱ्हाडाचे दार आणि खिडकी गॅलरीतच उघडे, दिवसभर दार उघडे राही, आणि पाण्यापासून पापड वाळवण्यापर्यंत सगळे त्या गॅलरीतच चाले. अनोळखी माणूस दुसऱ्या दाराशी पोचायच्या आत ‘कोण पाहिजे?’ ऐकू येई. आकार तोच, परिणाम उलटा. भूमिती एकटी काही करत नाही. तिथून कुणी पाहत असेल आणि विचारण्याचा आपल्याला हक्क आहे असे त्याला वाटत असेल, तर ती कामाला येते.

या डोळ्यांना दुसरी बाजूही आहे आणि ती आमच्या इमारतीनेच दाखवली. डोळे अनोळखी माणसावर ठरतात तसे गरीब माणसावरही ठरतात. चार जणांनी बाईंना त्या दिवसांत ‘इकडे कशाला आलीस?’ असे विचारले होते. खऱ्या चोरांना कुणी विचारले नव्हते; ते, नंतर कळल्याप्रमाणे, नीट इस्त्रीचे शर्ट घालून आले होते.

चोरीवर प्रयोग कसा करायचा?

काही घरांना चांगली दारे आणि काहींना वाईट दारे लावून चोरांची वाट पाहता येत नाही. पण कधी कधी कायदाच प्रयोग करून देतो. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी १९९९ पासून नव्या घरांच्या दारे-खिडक्या ठरावीक प्रतीच्याच असल्या पाहिजेत असा बांधकामाचा नियम झाला. प्रत कशी ठरते? स्क्रू-ड्रायव्हर, पाचर, पक्कड अशी साधी हत्यारे घेतलेल्या माणसाला दार तीन मिनिटे अडवू शकले पाहिजे. फक्त तीन मिनिटे. न फुटणारे दार कुणी मागितलेलेच नाही.

बेन व्होलार्ड आणि यान फान आउर्स या अर्थशास्त्रज्ञांनी मग नियमाच्या थोडे आधी आणि थोडे नंतर बांधलेल्या घरांची तुलना केली. १९९८ चे घर आणि १९९९ चे घर यांत वस्ती, रचना, राहणारी माणसे साधारण सारखी. फरक मुख्यतः दारे-खिडक्यांचा. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की नव्या घरांत घरफोडीचे वार्षिक प्रमाण शंभरात १.१ वरून ०.८ वर आले, म्हणजे सुमारे २६ टक्के घट. मग चोर शेजारच्या जुन्या घरात गेले का? ही शंका सगळ्यांनाच येते, आम्हालाही आली. त्यांनी ते तपासले. तसे काही आढळले नाही. बऱ्याच घरफोड्या ‘जमतेय तर करू’ या जातीच्या असतात. जमले नाही तर चोर घरी जातो.

तीन मिनिटांचे महत्त्व इथे कळते. तीन मिनिटे ठोकाठोक म्हणजे तीन मिनिटे आवाज आणि तीन मिनिटे दिसणे. दार वेळ विकत घेते, आणि त्या वेळेचा उपयोग कुणी ऐकणारे असेल तरच. आमच्या मजल्यावर समोरचे कुटुंबही त्या दिवशी गावी गेले होते.

इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात वेगळ्या बाजूने काम झाले. तिथे लक्षात आले की ज्या घरात एकदा चोरी झाली त्यात पुन्हा होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट आहे. चोराला घर माहीत झालेले असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या आलेल्या असतात. म्हणून सगळ्या वसाहतीला एकदम हात न घालता फक्त चोरी झालेल्या घरांकडे लक्ष दिले. दारे-खिडक्या सुधारल्या, लगतच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितले, आणि नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढून टाकले, कारण त्या डब्यातली रोकड हेच मोठे आकर्षण होते. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्या. यात नेमका कशाचा वाटा किती हे मात्र सांगता येत नाही, कारण सगळे एकदम केले गेले.

चिठ्ठ्या टाकून केलेला खरा प्रयोगही एक आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८० सरकारी वसाहतींपैकी निम्म्यांत, कुठल्या ते यदृच्छेने ठरवून, सहा महिने प्रखर दिव्यांचे फिरते मनोरे उभे केले. रात्रीचे उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. हे घरफोडीचे आकडे नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवे. आणि दिवा नुसता प्रखर असून भागत नाही. डोळ्यांवर येणाऱ्या झोताने बाहुली आकसते आणि झोताबाहेरचा अंधार अधिकच गडद होतो. कंपाउंडच्या कोपऱ्यात हॅलोजन लावून आपण कधी कधी चोराला उभे राहायला छान सावली करून देतो.

लोखंडी पिंजरा

चोरीनंतर आमच्या इमारतीत दोन ठराव झाले. एक, कंपाउंडची भिंत सात फूट करायची. दोन, सगळ्या खिडक्यांना आणि बाल्कन्यांना जाड ग्रिल. दोन्हींना आम्ही विरोध केला. पहिल्यात थोडे यश आले, दुसऱ्यात नाही.

उंच भरीव भिंत ओलांडायला अर्धा मिनिट लागतो. ती ओलांडली की त्या भिंतीचा फायदा चोरालाच, कारण रस्त्यावरून आता आतले काही दिसत नाही. शेवटी चार फूट भिंत आणि वर जाळी यावर तडजोड झाली. खिडकीला लगटून वाढलेली मेंदी कापली.

ग्रिलची गोष्ट गंभीर आहे. बाहेर पेटीसारखे काढलेले ग्रिल वरच्या मजल्यासाठी शिडी होते, हे एक. पण त्याहून मोठा धोका आगीचा. जे लोखंड बाहेरच्याला आत येऊ देत नाही ते आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. स्वयंपाकघर दाराच्या वाटेवर असेल आणि आग तिथे लागली तर खिडकी हाच रस्ता उरतो. धूर जिन्यातून वर चढतो तेव्हा दार उघडूनही उपयोग नसतो. अग्निशमन दलाची शिडी खिडकीपर्यंत पोचली तरी आधी ग्रिल कापावे लागते. आपल्याकडे चोरीची भीती रोज वाटते आणि आगीची कधीच नाही, म्हणून हिशेब एकाच बाजूने होतो. चोर पाटल्या नेतो.

उपाय अवघड नाही. प्रत्येक घराच्या निदान एका खिडकीत, जिथे शिडी पोचू शकते तिथे, ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करायचा, मोठे माणूस बाहेर निघेल एवढा. त्याला आतून कुलूप, आणि किल्ली खिडकीबाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या लहान मुलालाही अंधारात सापडेल अशा एकाच ठरलेल्या जागी.

वर्गात हे घ्यायचे असेल तर आठवी-नववीची मुले आपल्या शाळेच्या इमारतीवर चांगले काम करू शकतात. शाळेचा नकाशा काढावा, प्रत्येक दाराशी आणि जिन्याच्या वळणावर उभे राहून किती खिडक्या दिसतात ते मोजावे, सुतळी ताणून दृष्टिरेषा आखाव्यात. एकाही खिडकीतून न दिसणाऱ्या जागा रंगवल्या की मुले स्वतःच सांगतात, ‘‘बाई, मारामाऱ्या इथेच होतात.’’ तरफेसाठी लाकडाच्या ठोकळ्यात अर्धा, एक आणि दोन इंचांचे स्क्रू बसवून तोलकाट्याने आणि पट्टीने उपटून पाहता येतील. मात्र हा खेळ मुलांच्या गल्लीवर नेऊ नये. कुणाचे घर कधी बंद असते याची यादी, अगदी चांगल्या हेतूने केलेली, वहीतसुद्धा असू नये.

आमच्या ग्रिलमध्ये आता असा एक दरवाजा आहे. किल्ली पलंगामागच्या खिळ्यावर असते. महिन्यातून एकदा दिवे मालवून, डोळे मिटून, ती घ्यायची आणि खिडकी उघडायची असे ठरले आहे. पहिल्या वेळी कुलूप गंजले होते. चार मिनिटे लागली, म्हणजे डच चोरापेक्षा एक मिनिट जास्त. तेल घातल्यापासून चाळीस सेकंद लागतात. धाकटीला पस्तीस.